त्या बर्फाचे पाणी किती?

परदेशी गेलेला मनुष्य घरच्यांना आपली हकीकत कळवू लागला म्हणजे पहिल्या चार-दोन पत्रांत तो तेथील उंच इमारती, रुंद रस्ते आणि वेगवान गाड्या यांचे वर्णन करतो. परंतु महिना-दीड महिना लोटला की त्याच्या लिहिण्याचा विषय हळूहळू बदलतो. इमारतींची वर्णने संपतात, आणि त्यांच्या जागी सकाळी खिडकीच्या काचेवर उमटलेली दवाची नक्षी, शेजारच्या म्हातारीने दिलेला भोपळ्याचा तुकडा, रात्री नऊ वाजेपर्यंत रेंगाळणारा संधिप्रकाश अशा गोष्टी येऊ लागतात. घरी असताना ज्या मनुष्याने आकाशाकडे कधी मान वर करून पाहिले नाही, तो परक्या देशात ढगांविषयी लिहू लागतो. हे का घडते? साध्या गोष्टींतले हे नवल खरे असते, की एकटेपणा विसरण्यासाठी मनाने केलेली ती एक युक्ती असते? आणि खरे असलेच, तर ते टिकते किती दिवस? या प्रश्नांचा विचार मी माझ्या अनुभवातील एकाच वस्तूच्या आधाराने करणार आहे. ती वस्तू म्हणजे बर्फ.

माझा जन्म सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात, एका शेतकरी घरात झाला. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा प्रदेश. महाबळेश्वरावर जेथे वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, तेथून शंभरएक किलोमीटर पूर्वेला आमच्याकडे सरासरी पाचशे मिलिमीटरही पुरता पडत नाही. अशा ठिकाणी वाढलेल्या मुलाला बर्फाची ओळख दोनच रूपांत होते. वळवाच्या पावसात पडणाऱ्या गारा हे एक, आणि जत्रेतला रंगीत गोळा हे दुसरे. आमच्या भाषेत आकाशातून भुरभुरणाऱ्या हिमाला आणि लाकडाच्या भुशात ठेवलेल्या लादीला ‘बर्फ’ हा एकच शब्द चालतो. ‘हिम’ हा शब्द आहे, पण तो पुस्तकात. काश्मीर, लाहौल किंवा सिक्कीमकडच्या श्रोत्यांना माझे हे बोलणे पोरकट वाटेल, कारण त्यांच्या अंगणात ते दरसाल पडते. पण त्यांच्यापैकीच कोणी पहिल्याने मुंबईस आला आणि भरती-ओहोटी पाहून तासभर एका जागी उभा राहिला, तर त्याला हसण्याचा अधिकार मुंबईकराला नाही. नवल वाटणे हे त्या वस्तूइतकेच तिच्याशी असलेल्या आपल्या नात्यावर अवलंबून असते, हे येथेच ध्यानात घ्यावे.

२०१३ सालच्या शरद ऋतूत संशोधनाच्या कामानिमित्त मी जपानच्या उत्तरेकडील होक्काइदो बेटावर, साप्पोरो या शहरी गेलो. सुमारे वीस लाख वस्तीचे हे शहर त्रेचाळीस अंश उत्तर अक्षांशावर वसलेले आहे. एका हिवाळ्यात तेथे जो बर्फ पडतो, त्याच्या रोजच्या थरांची बेरीज केली तर ती सरासरी पाच मीटरांच्या घरात जाते. एवढ्या मोठ्या शहरावर एवढे हिम पडण्याचे उदाहरण जगात विरळाच.

हे हिम कोठून येते ते समजून घेण्यासारखे आहे. हिवाळ्यात सैबेरियावर अतिथंड आणि कोरड्या हवेचा मोठा साठा होतो. ती हवा आग्नेयेकडे वाहू लागते आणि वाटेत तिला जपानचा समुद्र लागतो. दक्षिणेकडून येणाऱ्या त्सुशिमा नावाच्या उबदार प्रवाहामुळे हा समुद्र त्या हवेच्या मानाने बराच गरम असतो. त्याच्यावरून जाताना कोरडी हवा बाष्प पिऊन घेते, जपानच्या डोंगररांगांना थडकून वर चढते, आणि ते बाष्प बर्फ होऊन खाली येते. डोंगरापलीकडे तोकियोच्या बाजूला मात्र हिवाळाभर निरभ्र ऊन असते. जपानच्या मुख्य बेटावर या दोन प्रदेशांमधील डोंगर भेदून जाणारा शिमिझु बोगदा १९३१ साली वाहतुकीस खुला झाला. त्याच्या एका तोंडाशी कोरडी जमीन आणि दुसऱ्या तोंडाशी माणसाच्या उंचीचा बर्फ, असे दृश्य हिवाळ्यात अनेकदा दिसते. हे वाचले तेव्हा मला ते काही परके वाटले नाही. कोकण आणि देश यांच्यामध्ये सह्याद्री जे काम पावसाळ्यात करतो, तेच काम तेथील डोंगर हिवाळ्यात करतात. समुद्रावरून येणारा तोही एक मोसमी वाराच आहे. त्या हिशेबाने साप्पोरो म्हणजे हिवाळ्यातले कोकण, आणि तोकियो म्हणजे आमचे माण!

पण हे ज्ञान मागाहूनचे. मला बर्फाची पहिली वर्दी मिळाली ती एका किड्याकडून. ऑक्टोबरच्या अखेरीस एका दुपारी घराबाहेर पडलो, तो हवेत कापसाचे कण तरंगताना दिसले. एक कण बाहीवर बसला आणि चालू लागला. शेजारी राहणाऱ्या आजीबाई अंगणातील झाडांना काठ्यांचा आणि दोऱ्यांचा आधार बांधीत होत्या. त्यांनी तो कण पाहिला आणि म्हणाल्या, “युकिमुशी.” युकि म्हणजे हिम आणि मुशी म्हणजे किडा. हा मावा जातीचा एक लहानसा कीटक आहे. त्याच्या अंगावर मेणासारख्या पांढऱ्या तंतूंचा पिंजका असतो. उन्हाळ्यात तो एका वृक्षाच्या मुळांवर राहतो आणि शरदाच्या अखेरीस दुसऱ्या वृक्षाकडे उडत जातो. त्याचे आयुष्य त्यानंतर थोड्याच दिवसांचे. तो इतका नाजूक असतो की आपल्या तळहाताची ऊबही त्याला सोसत नाही. तो दिसला की आठ-पंधरा दिवसांत हिम पडणार, असे तेथील लोक मानतात.

आजीबाईंनी हे मला मोडक्यातोडक्या खुणांनी सांगितले, तेव्हा मला एकदम आमचा मृगाचा किडा आठवला. पहिल्या पावसानंतर शेतात दिसणारा, लाल मखमलीचा, पाठीवर बोट फिरवले की पाय आखडून घेणारा. संस्कृतात त्यालाच इंद्रगोप म्हणतात. एका देशात पांढरा किडा हिमाचा निरोप आणतो, दुसऱ्या देशात तांबडा किडा पावसाचा. त्या परक्या गल्लीत उभा असताना मला पहिल्यांदाच असे वाटले की, येथील माणसे माझ्यासारखीच आहेत. तीही जमिनीकडे आणि आकाशाकडे पाहून ऋतू ओळखतात.

नोव्हेंबरात एके पहाटे मला जाग आली ती शांततेमुळे. आवाजाने जाग येते हे सर्वांना ठाऊक आहे, पण आवाज नाहीसा झाल्यामुळेही येते हे मला त्या दिवशी कळले. रोज ऐकू येणारी मोटारींची घरघर, दूरच्या आगगाडीचा खडखडाट, सारे कोणी तरी पांघरुणाखाली दडपावे तसे झाले होते. पडदा सारून पाहिले तर गल्ली, छपरे, सायकली, विजेच्या तारा, सर्वांवर पांढरा थर. ताज्या हिमात नव्वद टक्क्यांच्या आसपास हवाच असते. त्या हवेच्या बारीक पोकळ्यांत ध्वनीच्या लहरी शिरतात आणि तेथेच जिरून जातात. हिमाचा पांढरेपणाही असाच फसवा आहे. प्रत्येक कण काचेसारखा पारदर्शक असतो. परंतु असंख्य कणांच्या पृष्ठभागांवरून प्रकाश पुनःपुन्हा उसळतो आणि सगळे रंग मिसळून बाहेर पडतात, म्हणून ढीग पांढरा दिसतो. मिठाचा एक खडा आरपार दिसतो आणि मिठाची रास पांढरी दिसते, तोच हा प्रकार.

त्या रविवारी मी गावी फोन केला. आमचे वडील, अण्णा, तेव्हा सत्तरी ओलांडलेले होते. शाळा चौथीपर्यंत, आयुष्य सारे शेतात. मी त्यांना पहाटेच्या शांततेचे, झाडांच्या पांढऱ्या फांद्यांचे, आकाशातून कापूस पडावा तशा त्या दृश्याचे रसभरित वर्णन ऐकवले. त्यांनी ते सर्व ऐकून घेतले आणि क्षणभर थांबून विचारले, “त्या बर्फाचं पानी किती व्हतं रं?”

मला उत्तर देता आले नाही. थोडा रागही आला. मी सौंदर्याविषयी बोलत होतो आणि ते पाण्याचा हिशेब मागत होते. पण नंतर विचार करताना मला स्वतःचीच लाज वाटली. २०१२-१३ चा दुष्काळ नुकताच सरला होता. आमच्या तालुक्यात त्या वर्षी जनावरांसाठी चारा-छावण्या उघडाव्या लागल्या होत्या आणि गावोगाव टँकरची वाट पाहत घागरींच्या रांगा लागल्या होत्या. ज्या माणसाने आपली बैलजोडी छावणीत नेऊन बांधली, तो आकाशातून पडणाऱ्या कोणत्याही वस्तूचे मोल पाण्यातच करणार. त्यांचा प्रश्न माझ्या वर्णनापेक्षा अधिक खोल होता. मी नुसता पाहत होतो, त्यांनी विचारले होते.

दुसऱ्या दिवशी मी एक सरळ उभ्या कडांचा पत्र्याचा डबा मिळवला आणि तो गच्चीवर ठेवला. सकाळी त्यात बारा सेंटिमीटर हिम साचलेले होते. डबा घरात आणून ते वितळू दिले, तेव्हा तळाशी जेमतेम एक सेंटिमीटर पाणी उरले. पुढे हाच माझा नेम झाला. कोरड्या थंडीतले हिम हलके असे, त्याचे पाणी कमी होई; थंडी कमी असली म्हणजे ओले, जड हिम पडे, त्याचे पाणी अधिक होई. सरासरीने दहा भाग हिमाचे एक भाग पाणी, हा ढोबळ नियम मला वहीत उमटलेला दिसू लागला. या हिशेबाने पाच मीटर हिमाचे पाणी पाचशे मिलिमीटरच्या जवळपास येते. मी अण्णांना हा आकडा सांगितला. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, “म्हंजी आपला वर्साचा समदा पाऊस तुमच्याकडं हिवाळ्यात बर्फ हून पडतोय.” इतकी वर्षे शिकूनही ही तुलना मला सुचली नव्हती.

येथून आमच्या रविवारच्या बोलण्याला एक विषय मिळाला. पूर्वी आम्ही तब्येत, पैसे आणि पाहुणे यांपलीकडे फारसे बोलत नव्हतो. आता अण्णा विचारीत, “ह्या आठवड्यात किती?” मी आकडे सांगे, आणि ते आपल्या विहिरीची पातळी सांगत. साप्पोरोत रस्त्यांवरचा बर्फ यंत्रांनी उचलून, ट्रकांत भरून शहराबाहेर किंवा नदीकाठच्या मोकळ्या जागांवर नेऊन टाकतात, हे ऐकून ते अस्वस्थ झाले. “पानी टाकून देत्यात?” असे त्यांनी दोनदा विचारले. मग त्याचाही शोध घेणे आले. शोध घेतल्यावर कळले की साप्पोरोचे जवळजवळ सर्व पिण्याचे पाणी तोयोहिरा या एकाच नदीतून येते, आणि तिच्या वरच्या अंगाच्या डोंगरांवर साठलेले हिम वसंतात हळूहळू वितळून धरणांत उतरते. म्हणजे डोंगरावरचे हिम हाच त्या शहराचा मोठा साठा. आमच्याकडे चार महिन्यांचा पाऊस अडवण्यासाठी बंधारे बांधावे लागतात. तेथे थंडीच ते पाणी डोंगरावर अडवून धरते आणि गरजेच्या वेळी सोडते. हे सांगितल्यावर अण्णांचे समाधान झाले. “मंग बरोबर हाय,” ते म्हणाले.

माझ्या अनुभवाचे हे वर्णन मी येथे थांबवून मूळ प्रश्नाकडे वळतो. परक्या देशात साध्या गोष्टी नवलाच्या का वाटतात? याचे एक उत्तर मानसशास्त्र देते. अमेरिकन तत्त्वज्ञ विल्यम जेम्स याने १८९० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या मानसशास्त्रावरील ग्रंथात सवयीचे विवेचन केले आहे. एखादी क्रिया सवयीची झाली म्हणजे तिच्याकडे जाणीवपूर्वक लक्ष देण्याची गरज उरत नाही, असे त्याचे प्रतिपादन आहे. ही निसर्गाची काटकसर आहे. जोडे घालताना, जिना उतरताना, दार लावताना दरवेळी विचार करावा लागला असता, तर दुसरे कोणतेही काम मनुष्याच्या हातून झाले नसते. पण या काटकसरीची किंमत आपण देतो. जे नित्याचे झाले, ते डोळ्यांसमोर असूनही दिसेनासे होते. परदेशात ही सवयीची घडी मोडते. तेथे दुकानात मीठ मागणे हेही एक कार्य होते. आणि लक्ष जागे झाले की त्याला मिठाबरोबर आणखीही पुष्कळ काही दिसू लागते.

या जागेपणातून केवढे काम उभे राहू शकते, याची उदाहरणे हिमाच्याच अभ्यासात आहेत. जर्मनीतील वाइल देर श्टाट या गावी जन्मलेला ज्योतिर्विद योहानेस केप्लर १६०० साली प्राग येथे आला. तेथील एका हिवाळ्यात तो पुलावरून चालला असता त्याच्या अंगरख्यावर हिमकण पडले. आपल्या आश्रयदात्याला नववर्षाची काय भेट द्यावी या विवंचनेत तो होता. लॅटिन भाषेत ‘निक्स’ म्हणजे हिम, आणि त्याच्या जर्मन भाषेत तसाच उच्चार असलेल्या शब्दाचा अर्थ ‘काही नाही’. खिशात काही नसलेल्या मनुष्याने ‘काही नाही’ याचीच भेट द्यावी, ही कल्पना त्याला आवडली. १६११ साली त्याने हिमकणाला सहाच कोन का असतात या प्रश्नावर एक छोटी पुस्तिका लिहिली. डाळिंबाचे दाणे, मधमाशांचे पोळे, एकावर एक रचलेले गोळे अशा सगळ्यांचा त्याने विचार केला, आणि शेवटी उत्तर आपल्या हाती आले नाही हे मोकळेपणाने मान्य केले. पाण्याचे रेणू गोठताना षट्कोनी मांडणीत जुळतात, म्हणून कणालाही सहा बाजू येतात, हे स्पष्ट होण्यास क्ष-किरणांनी स्फटिकांची रचना पाहता येऊ लागली ते विसावे शतक उजाडावे लागले.

दुसरे उदाहरण साप्पोरोचेच आहे. उकिचिरो नाकाया हा पदार्थविज्ञानाचा अभ्यासक १९०० साली जपानच्या मुख्य बेटावर, इशिकावा प्रांतात जन्मला. तोकियोत शिक्षण आणि लंडनमध्ये पुढचा अभ्यास करून तो १९३० साली साप्पोरोच्या विद्यापीठात आला. तेथे मोठी प्रयोगशाळा नव्हती, पण हिम विपुल होते. त्याने हिमकणांची हजारो छायाचित्रे घेतली, त्यांचे प्रकार लावले, आणि १२ मार्च १९३६ रोजी शीतगृहात, सशाच्या केसाच्या टोकावर, जगातील पहिला कृत्रिम हिमकण वाढवून दाखवला. उणे दोन अंशांच्या आसपास पातळ चकत्या होतात, उणे पाचच्या आसपास सुया आणि स्तंभ, आणि उणे पंधराच्या जवळ, बाष्प भरपूर असेल तर, ज्याची चित्रे आपण पाहतो ती फांद्याफांद्यांची चांदणी. तापमान आणि बाष्प यांवरून कणाचा आकार ठरतो, तेव्हा खाली पडलेल्या कणाच्या आकारावरून वरच्या हवेची हकीकत वाचता आली पाहिजे, ही त्याच्या कामाची दिशा होती. एका कोटाच्या बाहीवर पडून क्षणात विरघळणाऱ्या वस्तूने त्याचे आयुष्य व्यापले.

येथे कोणी म्हणेल की, मग नवल अनुभवण्यासाठी घर सोडून जाणे आवश्यक आहे काय? तिसरे उदाहरण याचे उत्तर देते. अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात जेरिको नावाच्या गावी विल्सन बेंटली हा शेतकरी राहत असे. १८८५ साली, वयाच्या विसाव्या वर्षाच्या आत, त्याने सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून एकेका हिमकणाचे छायाचित्र घेण्यात यश मिळवले. त्यानंतर १९३१ साली मरेपर्यंत त्याने पाच हजारांहून अधिक कण टिपले. हा मनुष्य आपल्या गावातच शेती करीत राहिला. जे हिम त्याच्या गावात दर हिवाळ्यात फावड्याने बाजूला सारले जात होते, त्याचकडे तो सेहेचाळीस वर्षे पाहत राहिला. म्हणजे परदेशवास हे एक निमित्त आहे. ते लक्षाला जागे करते, पण त्याला जागे ठेवीत नाही.

ते जागे ठेवणे किती कठीण असते, याचा अनुभव मला दुसऱ्या हिवाळ्यातच आला. पहिल्या वर्षीचे नवल दुसऱ्या डिसेंबरात निम्मे उरले होते. दुपारी चार वाजताच अंधार पडू लागे. दारापुढचा बर्फ रोज सकाळी उपसावा लागे, कंबर दुखे, आणि एकदा गोठलेल्या रस्त्यावर मी चांगलाच आपटलो. जपानात दर हिवाळ्यात छपरावरचा बर्फ काढताना पडून माणसे मरतात, त्यांत म्हाताऱ्यांची संख्या मोठी असते. तेव्हा जो हिमाला केवळ सुंदर म्हणतो, त्याने ते फारसे उपसलेले नसते असे समजावे. अशा दिवसांत माझ्या कामी आल्या त्या दोन गोष्टी. एक म्हणजे तो पत्र्याचा डबा. कंटाळा आला तरी रविवारी आकडा विचारला जाणार होता. दुसरी गोष्ट म्हणजे शेजार. पहाटे सहाला साऱ्या गल्लीत फावड्यांचा आवाज सुरू होई. आजीबाईंच्या दारापुढचा बर्फ आम्ही दोघे-तिघे मिळून काढीत असू, आणि त्या आम्हाला गरम चहा आणून देत. चौकाचौकांत तेथे वाळूच्या पिशव्या भरलेल्या पेट्या ठेवलेल्या असतात. रस्ता निसरडा दिसला की कोणीही जाणारा-येणारा एक पिशवी घेतो, वाळू पसरतो आणि पुढे जातो. मागून येणारा मनुष्य कोण आहे हे त्याला ठाऊक नसते. मी ज्या दिवशी पहिली पिशवी पसरली, त्या दिवशी माझे पाहुणेपण थोडे कमी झाले. केवळ पाहण्याने मिळणारा आनंद लवकर शिळा होतो, पण ज्या गोष्टीविषयी आपण काही विचारतो आणि जिच्यासाठी थोडे कष्ट करतो, तिच्यातला आनंद पुष्कळ दिवस ताजा राहतो, असे माझ्या अनुभवावरून मला वाटते.

एक आक्षेप मात्र मी टाळू इच्छीत नाही. नवल वाटून घेणे ही फुरसतीची चैन आहे, असे म्हणता येईल. आखाती देशांत भर उन्हात इमारतींवर काम करणारा कामगार, आठ माणसांच्या खोलीत झोपून घरी पैसे पाठवणारा तरुण, यांना वाळवंटातील सूर्यास्ताचे कौतुक करा असे सांगणे हा उद्धटपणा होईल. हे मला मान्य आहे. नवल कोणावर लादता येत नाही, आणि ते कष्टांची वा अन्यायाची भरपाईही करीत नाही. माझ्या घरापासून दूर असण्याची भरपाई त्या हिमाने केली नाही. ते मी लवकरच शिकलो.

२०१६ च्या जानेवारीत, गुरुवारी रात्री, धाकट्या भावाचा फोन आला. अण्णा गेले होते. त्या दिवशी मोठे हिमवादळ होते आणि विमाने बंद होती. दुसऱ्या दिवशी निघून, दोन ठिकाणी विमाने बदलून मी गावी पोहोचलो, तोवर सारे आटोपले होते. त्या वर्षीही आमच्याकडे पाऊस बुडालेला होता. घराच्या भिंतीवर, फोनजवळ, एक दिनदर्शिका टांगलेली होती. तिच्यावर रविवारच्या चौकटींत अण्णांनी पेन्सिलीने दोन-दोन आकडे लिहिलेले होते. वरचा आकडा माझ्या डब्यातल्या पाण्याचा आणि खालचा आमच्या विहिरीचा. मागच्या दोन वर्षांच्या दिनदर्शिकाही त्यांनी जपून ठेवल्या होत्या. आईने सांगितले की, शेजारी आले म्हणजे ते त्यांना साप्पोरोच्या बर्फाचा हिशेब समजावून सांगत असत. मी ज्याला माझे नवल समजत होतो, ते त्यांचेही झाले होते, आणि ते कधी तालुक्याच्या बाहेर फारसे गेले नव्हते.

२०१७ च्या मे महिन्यात मी कायमचा परतलो. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी आभाळ भरून आले आणि पहिले थेंब पडले. मातीचा वास सुटला. तो मी लहानपणापासून घेत आलो होतो, पण तो का येतो हे कधी विचारले नव्हते. आता विचारले. वाळलेल्या माती-दगडांत वनस्पतींपासून आलेले तैलांश शोषलेले असतात आणि मातीतील सूक्ष्म जीवही एक गंधद्रव्य निर्माण करतात. पावसाच्या थेंबांनी ते हवेत उडते. १९६४ साली इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड टॉमस या ऑस्ट्रेलियातील दोन शास्त्रज्ञांनी या वासाला ‘पेट्रिकोर’ असे नाव दिले. त्याच्या कितीतरी आधीपासून आपल्या कनौजचे अत्तरवाले भाजलेल्या मातीतून तोच वास काढून कुप्यांत भरीत आले आहेत. हे सर्व माझ्याच देशात होते. ते पाहण्याचे डोळे मात्र मला फिरून यावे लागले तेव्हा लाभले.

पत्र्याचा तो डबा मी सामानात घालून आणला होता. बायकोने त्याची चेष्टाही केली होती. पाऊस सुरू होताच तो मी अंगणात, तुळशीपासून थोडा दूर, उघड्यावर ठेवला. तासाभराने पाऊस उघडला. शेताच्या बांधावर मृगाचे किडे निघाले होते, आणि माझी मुलगी एकाच्या पाठीवर बोट फिरवून तो पाय आखडतो की नाही ते पाहत होती. मी डब्यात पट्टी धरली. चौदा मिलिमीटर. घरात जाऊन पेन्सिल घेतली आणि तो आकडा भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहिला. मग विहिरीवर जाऊन पातळी पाहिली, आणि तीही त्याखाली लिहिली.